हशाचं बटण

सकाळी सात ते आठ, 'तिखट-मीठ', सांगली केंद्र.
प्रायोजक भडंगवाले.
मी बोलायचो, आणि काचेपलीकडे
रेणुका अलकुंटे हिरवं बटण दाबायची.
बटणात हशा होता.
कुठल्या सभागृहातला, कुठल्या साली हसलेला, कुणास ठाऊक.
त्यात एक बाई सगळ्यांच्या नंतर हसायची, एकटीच,
आणि तिच्यामागून कुणीतरी खोकायचं.
दोन वर्षं रोज तेच खोकणं.

माझं एक पात्र होतं, हणमा वडार.
जीभ जाड, अक्कल त्याहून जाड,
'ळ'च्या जागी 'ल', बाईला 'तो', म्हशीला 'ते',
खांद्यावर पहार.
मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यावर
लोक माझा हणमा एकमेकांना करून दाखवायचे.
एका अडत्यानं त्यासाठी मला चहा पाजला.
मी तो बक्षीस म्हणून प्यालो.

पुण्यात आवाजाचा कोर्स करताना
मी 'काय कराल्यात' म्हणालो होतो,
तर तीन महिने माझं नावच 'कराल्यात'.
ते नाव मी घासून घासून धुतलं.
धुतलेलं पाणी उतारानं कुणाच्या दारात गेलं
ते वळून पाहिलं नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार.
हणमा पोराला शाळेत घालायला जातो, असा भाग.
गुरुजी नाव विचारतात, हणमा उत्तर देतो.
मी थांबलो. हशासाठी जागा सोडली.

चार सेकंद.
रेडिओवर चार सेकंद म्हणजे
विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये.
तिचा हात मांडीवर होता.
ती माझ्याकडे बघत नव्हती,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.
खोकणारासुद्धा गप्प.

मी गाण्याची खूण केली. तिनं गाणं लावलं.

नंतर, वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाली,
"हणमंत माझ्या वडलांचं नाव. ते जाऊ द्या.
पण आमच्यात ळ आहे.
नीळ्ळु म्हणजे पाणी. त्यात तर दोन आहेत.
तुम्ही दोन वर्षं चुकीचं करत होता."

"मग आधी का नाही सांगितलंस?"
हे मी विचारलं. मीच.
ती म्हणाली, "पगार सात तारखेला होतो."

साहेबांनी माफी टाइप करून दिली:
'जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर.'
'जर'शी जीभ ठेचकाळली,
तरी वाचली, शेवटपर्यंत.
"खाली सनई सोडू?" तिनं विचारलं.
चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

पत्रं आली. हणमाला परत आणा.
माणसं हसायची विसरली काय. कुपवाडहून एक,
विश्रामबागेतून तीन, एकाच हस्ताक्षरात.

मग मला सुचलं (मला फार सुचतं):
रेणुकालाच माइकपुढे बसवू. तिची भाषा, तिची माणसं,
श्रोत्यांना कळेल, अर्धा तास.
"काल नमुना होतो," ती म्हणाली,
"आता नमुन्याचं कौतुक."
आणि हेडफोन कानावर चढवले.

हल्ली मी बाजारभाव वाचतो.
हळद, बेदाणा, शाळू. पावसाळ्यात कृष्णेची पाणीपातळी.
हणमा मेलेला नाही. परवा भाच्याच्या लग्नात
"मामा, तो आवाज काढा ना" म्हणून पोरं मागे लागली,
आणि तो घशात उठून उभा राहिला, पहारीसकट.
मी पाणी मागितलं. दोन पेले.
पोरांना वाटलं, मामा म्हातारा झाला.

आज पुलाजवळ एकवीस फूट.
'पाणीपातळी' म्हणताना
ळ वर मी जरा जास्तच रेंगाळलो,
जणू तेवढ्यानं काही फिटतं.
काचेपलीकडून तिनं बोटानं खूण केली:
पुढे चला.